तू झोप, मी हाय

पावसाचा आवाज ऐका आणि अंग सैल सोडा, असं त्या बाईनं मला इंग्रजीतून सांगितलं तेव्हा रात्रीचे पावणेबारा झाले होते. आवाज गोड होता. पाऊसही गोड होता. पत्र्यावर ताशा वाजवणारा आमच्याकडचा नव्हे, पानांवरून टपटप ठिबकणारा, परदेशी. दोन मिनिटं ऐकलं, कानातलं काढलं, लुंगी सावरत जिना उतरलो आणि दार उघडून गल्लीत टॉर्च मारला. फेब्रुवारी चालू होता. गटार कोरडं ठणठणीत. समोरच्या कट्ट्यावरच्या कुत्र्यानं मान उचलून माझ्याकडं बघितलं आणि परत मुटकुळं करून ते झोपलं. त्या कुत्र्याचा मला हेवा वाटला, खोटं कशाला सांगू.

याचं ज्यांना हसू येईल त्यांचं घर चढावर असणार. आमचं कोल्हापुरात, शाहूपुरीत, जयंती नाल्यापासून फार लांब नाही. खाली छापखाना, वर आम्ही. २०१९ च्या ऑगस्टमध्ये पंचगंगेनं राजाराम बंधाऱ्यावर ५५ फूट ओलांडले. नदी अशी फुगली की नाल्याचं पाणी तिच्यात जात नाही, उलटं फिरून गल्लीत शिरतं. ते शिरलं. पाणी ओसरल्यावर शटर वर केलं तेव्हा मला एक गोष्ट कळली, जी तीस वर्षं कागदात हात घालूनही ठाऊक नव्हती: कागद भिजला की नुसता ओला होत नाही, वाढतो. रॅकमध्ये दाबून बसवलेली मॅपलिथो कागदाची रिमं एवढी फुगली होती की मधल्या कप्प्याचा लोखंडी अँगल धनुष्यासारखा बाहेर आला होता. गणपती २ सप्टेंबरला, त्यामुळं मंडळांची वर्गणीची पावतीपुस्तकं छापून, नंबर मारून, बांधून तयार होती. त्यांची पावाच्या लादीसारखी एक लादी झाली होती. नखानं एक पान सोडवायला गेलो तर हातात लगदा आला आणि त्या लगद्यात लाल शाईतला एक आकडा तेवढा शाबूत होता, ४१७.

पण माझी झोप पुरात गेली नाही. पुरात मी चांगला झोपलो होतो, ते पुढं येईलच. झोप गेली ती नंतर. सगळं धुऊन-पुसून झालं, नवीन रिमं आली, मशीन सुरू झालं, लोक म्हणायला लागले की सावरलास बाबा, तेव्हा. रात्री अडीचला डोळे टक्क उघडायचे. कुणी हाक मारल्यासारखे. मग मोबाईल घ्यायचा आणि बंधाऱ्याची पातळी शोधायची. ३९ फूट इशारा, ४३ फूट धोका, हे आकडे कोल्हापुरातल्या शेंबड्या पोरालाही पाठ असतात, पण ते पावसाळ्यात. मी डिसेंबरात बघायचो. डिसेंबरात पातळी कोण कशाला सांगेल? मग ऑगस्टच्या जुन्या बातम्या काढून वाचायचो. २०२१ च्या जुलैत पुन्हा पाणी आलं. त्या खेपेला माल आधीच वर चढवला होता, नुकसान बेताचं झालं. झोपेचं मात्र नंतर पार पातळ ताक झालं.

आमच्या डॉक्टरांनी बीपी बघितलं, मी घोरतो का ते बायकोला विचारलं (घोरताना श्वास अडकत असेल तर ते दुखणं वेगळं, तिथं ध्यानबिन कामाचं नाही, हे त्यांनी ठासून सांगितलं) आणि मग चहाचा हिशेब मागितला. छापखान्यात गिऱ्हाईक आलं की अर्धा-अर्धा सांगायची रीत. मोजले तर नऊ निघाले. पोटात गेलेल्या कॅफीनपैकी निम्मं उतरायला साधारण पाच तास लागतात, म्हणजे संध्याकाळी सातच्या चहातलं निम्मं बाराला अजून अंगात असतं. शिवाय दिवसभर जागं राहिलं की मेंदूत अडेनोसिन नावाचं एक द्रव्य साचत जातं. ते जितकं साचेल तितकी झोप अनावर. कॅफीन हा साठा कमी करत नाही, फक्त मेंदूला तो कळू देत नाही.

डॉक्टर हे सांगत होते आणि माझ्या डोळ्यांपुढं राधानगरी उभं राहिलं. शाहू महाराजांनी बांधायला घेतलेल्या त्या धरणाला सात स्वयंचलित दरवाजे आहेत. पाणी ठराविक पातळीला आलं की ते आपले आपण उघडतात आणि पातळी उतरली की आपले आपण मिटतात. जुलै-ऑगस्टमध्ये आमच्याकडं माणसं भेटली की तब्येत नंतर विचारतात, आधी विचारतात, किती दरवाजे उघडले? झोपेचा दरवाजा असाच असणार, भरल्यावर आपणहून उघडणारा. आणि मी गेली दोन वर्षं रोज रात्री त्या दरवाजाला खांदा लावून ढकलत होतो. वर चहा पिऊन मोजपट्टीवर चिकटपट्टी मारत होतो ते वेगळंच.

डॉक्टरांनी गोळ्या दिल्या त्या आठवडाभराच्याच. बाकी सांगितलं ते असं, की अंथरुणात तळमळत पडायचं नाही. वीसेक मिनिटांत झोप लागली नाही तर उठायचं, दुसरीकडं बसायचं, पेंग आली की परत यायचं. अंथरूण फक्त झोपेसाठी. रिचर्ड बूटझिन नावाच्या अमेरिकी मानसशास्त्रज्ञानं १९७२ मध्ये मांडलेली ही रीत आहे. निद्रानाशाच्या ज्या वर्तनोपचारात ती आज वापरतात, तो उपचार गोळ्यांच्या आधी द्यावा, असं अमेरिकेतल्या फिजिशियनांच्या संस्थेनं २०१६ मध्ये सांगितलंय. मी ती रीत इमानेइतबारे पाळली. रात्री अडीचला उठायचो, खाली जायचो आणि कॉम्प्युटरवर बिलबुकाचं सेटिंग करायला घ्यायचो. महिन्याभरात बायको म्हणाली, "झोप येऊ दे न् येऊ दे, धंदा मात्र वाढला."

मग पुण्याहून लेक आली आणि तिनं मोबाईलवर ते ध्यानाचं घालून दिलं. सोबत एक अभ्यासही वाचून दाखवला: २०१५ मध्ये लॉस एंजेलिसमध्ये झोपेची तक्रार असलेल्या ४९ वयस्कर लोकांना दोन गटांत घालून, एका गटाला सहा आठवडे सजगतेचं ध्यान शिकवलं आणि दुसऱ्याला झोपेच्या चांगल्या सवयींचे धडे दिले, तर ध्यानवाल्यांची झोप जास्त सुधारली. ४९ माणसं म्हणजे आमच्या गल्लीचं अर्धं हळदी-कुंकू, पण लेक पुण्याहून येऊन सांगतेय म्हटल्यावर बापानं ऐकायचं असतं.

इंग्रजी बाईचा पाऊस मला सोसला नाही, ते सांगितलंच. दुसऱ्या रात्री तिनं मला समुद्रकिनारी नेलं. तिसऱ्या रात्री नदीतून तरंगत जायला सांगितलं. हलके व्हा, प्रवाहासोबत वाहत जा. बाई, म्हटलं, आमच्याकडं प्रवाहासोबत काय काय वाहत गेलं ते तू बघितलं नाहीस. मग हिंदी बघितलं. आवाज भारदस्त, पण माझं डोकं प्रत्येक वाक्याचं मराठी करत बसायचं. मग मराठी सापडलं. "आता आपले संपूर्ण लक्ष उजव्या पायाच्या अंगुष्ठावर केंद्रित करावे." मी आयुष्यभर सोसायट्यांच्या वार्षिक सभेच्या नोटिसा छापल्या. करावे, राहावे, सहकार्य करावे. अंगुष्ठावर लक्ष केंद्रित करावे म्हटल्यावर मला पुढचा विषय दिसायला लागला, विषय क्रमांक चार, मागील सभेचे इतिवृत्त वाचून कायम करणे. त्यात हे सगळं फुकटात ऐकायचं म्हणजे मध्ये जाहिरात. पोटापर्यंत शिथिल होत आलो होतो तोच कानात एक माणूस ओरडला की सोनं तारण ठेवा. त्या रात्री साडेतीन वाजले.

तरीही मी सोडलं नाही, याचं कारण एक बारीकशी गोष्ट. त्या आवाजांपैकी एक जण एकेक अवयव आधी आवळायला आणि मग सोडायला सांगायचा. मूठ घट्ट करा, सोडा. दात आवळा, सोडा. ही युक्ती एडमंड जेकबसन या शिकागोतल्या डॉक्टरची. त्यानं १९२९ मध्ये यावर पुस्तक काढलं. त्याचं म्हणणं साधं होतं, आपण कुठं ताणलेलो आहोत हेच माणसाला कळत नसतं, ते आधी कळलं पाहिजे. मी उताणा पडलो होतो. आवाज म्हणाला, उजवा हात. मी हाताकडं बघितलं, म्हणजे आतून बघितलं, तर तो मोकळा नव्हताच. अंगठा आणि तर्जनी चादरीची कड चिमटीत धरून चोळत होती. कागद हातात आला की छापखानेवाला असाच चोळतो, कागद किती जाड, साठ जीएसएमचा आहे की सत्तरचा, ते बोटांना कळतं. अंथरुणात, अंधारात, डोळे मिटून, मी चादरीचा जीएसएम काढत होतो. किती महिने काढत होतो कुणास ठाऊक. चादरीच्या त्या कोपऱ्याला बोंदरं आली होती, आणि बायको इतके दिवस नवीन धुण्याच्या मशीनला बोल लावत होती.

बोटं सोडली. एवढंच केलं त्या रात्री. झोप लागली असं नाही, पण दुसऱ्या दिवशी खांदा दुखला नाही.

पुढं योगनिद्रेची फेरी ऐकायला लागलो. तिची सुरुवातच उजव्या हाताच्या अंगठ्यापासून असते. अंगठा, तर्जनी, मधलं बोट, अनामिका, करंगळी, तळहात, हाताची पाठ, मनगट, असं भराभर सगळं अंग. थांबायचं नाही, विचार करायचा नाही, नुसतं नाव आलं की मन तिथं टेकवायचं आणि पुढं. हाताला पहिला मान का, तर मेंदूत हाताला आणि ओठांना जागाच जास्त आहे. वाइल्डर पेनफील्ड या माँट्रियलच्या शल्यविशारदानं १९३० च्या दशकात जाग्या रुग्णांच्या उघड्या मेंदूला विजेचा हलका स्पर्श करत हा नकाशा मांडला. त्यात सबंध पाठीपेक्षा एकट्या अंगठ्याचं वतन मोठं. मला हे शिकवायची गरज नव्हती. माझा अंगठा अजून चादरीवर होता.

ही फेरी आज ज्या रूपात ऐकू येते ती बसवली बिहारमधल्या मुंगेरच्या स्वामी सत्यानंद सरस्वतींनी. ती त्यांना सुचली कशी, याची त्यांनीच सांगितलेली हकिगत मला फार आवडते. तरुणपणी ते ऋषिकेशला आपल्या गुरूंजवळ, स्वामी शिवानंदांकडं राहत. त्यांच्याकडं एका संस्कृत पाठशाळेची राखण होती. रात्रभर जागायचं. पहाटे तीनच्या सुमाराला मात्र त्यांचा डोळा लागायचा, आणि चारला पोरं उठून स्तोत्रं म्हणायची ती राखणदाराच्या कानावर पडायची नाहीत. पुढं केव्हातरी एका कार्यक्रमात त्याच पोरांनी तीच स्तोत्रं म्हटली, आणि कधी न शिकलेली, कधी न ऐकलेली ती अक्षरं सत्यानंदांना ओळखीची वाटली. झोपलेल्या माणसातलं काहीतरी ऐकत असतं, हा धागा त्यांनी तिथून धरला आणि पुढं न्यास नावाच्या जुन्या विधीशी जोडला. न्यास म्हणजे अंगाच्या एकेका जागी मंत्र ठेवत जाणं.

लोक यातलं झोपेतलं ऐकणं लक्षात ठेवतात. माझ्या मनात राहिला तो राखणदार.

कारण योगनिद्रेत सुरुवातीलाच बजावतात, झोपू नका. जागं राहायचंय. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मी बायकोला म्हटलं, हे बघ, पैसे न देता मिळतं ते असंच उफराटं मिळतं. पण व्हिएन्नाचे मनोविकारतज्ज्ञ व्हिक्टर फ्रँकल झोप न येणाऱ्यांना हेच सांगायचे, की झोपायचा प्रयत्न सोडा, उलट जितकं जागता येईल तितकं जागा. आळत्याच्या विपश्यना केंद्रात दहा दिवस बसून आलेला माझा एक मित्र आहे. त्याला मी विचारलं, तिथं झोप चांगली लागते का? तर म्हणाला, "लेका, तिथं झोपायला जात न्हाईत, जागं व्हायला जातात." तो आल्यापासून असंच बोलतो.

आता पुरातली झोप सांगतो.

पाणी खालच्या मजल्यात शिरलं त्या रात्री आम्ही वरच होतो. लाईट गेलेली. गल्लीतल्या पाचसहा घरांनी आपोआपच पाळ्या लावून घेतल्या. कोपऱ्यावरच्या विजेच्या खांबाला विटकरीनं खुणा केल्या होत्या आणि ज्याची पाळी असेल त्यानं गॅलरीतून दर अर्ध्या तासानं टॉर्च मारून ओरडायचं, किती चढलं. "दोन बोटं." "चार बोटं." "हाय तितकंच." माझी पाळी अकरा ते एक. नंतर शेजारचे मामा, एसटीतून ड्रायव्हर म्हणून निवृत्त झालेले, त्यांची. एकला ते त्यांच्या गॅलरीत आले, खोकले, बिडी पेटवली. मी तरी उभाच. खाली काळं पाणी छापखान्याच्या शटरवर थपाथपा आपटत होतं, आत माझी तीस वर्षं फुगत होती. मामा मधल्या कठड्यावरून वाकून म्हणाले, "तू झोप. मी हाय जागा."

तिथंच फरशीवर, डोक्याखाली प्रूफांचं बाड घेऊन मी आडवा झालो आणि पाच वाजेपर्यंत मेल्यासारखा झोपलो. पाणी त्या चार तासांत दीड फूट चढलं होतं. मला काही कळलं नाही. दुसऱ्या दिवशी आम्हाला बोटीतून काढलं, राजारामपुरीत बहिणीकडं गेलो. मऊ गादी, कोरडी खोली, पंखा. डोळ्याला डोळा नाही.

हे कोडं मला दोन-तीन वर्षं सुटलं नव्हतं. सुटलं ते बदकांमुळं. बदकं रांगेत झोपतात तेव्हा मधली दोन्ही डोळे मिटतात, आणि कडेची दोन बाहेरच्या बाजूचा डोळा उघडा ठेवतात. मेंदू अर्धा झोपलेला, अर्धा पहाऱ्यावर. १९९९ साली 'नेचर'मध्ये हे आलं होतं. आणि माणसाचंही थोडं तसंच आहे. अमेरिकेतल्या ब्राउन विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१६ मध्ये दाखवलं, की परक्या जागी पहिल्या रात्री मेंदूची डावी बाजू उजवीपेक्षा कमी गाढ झोपते, बारीक आवाजालाही पटकन उठते. पाहुण्याच्या घरी पहिल्या रात्री झोप येत नाही म्हणतात ते हे.

पूर्वी गावगाड्यात जागल्या असायचा. तो जागायचा म्हणून गाव झोपायचं. पुरानंतर माझ्या घरात जागल्या मीच झालो होतो, आणि मला कुणी पाळीच बदलून देत नव्हतं. मामा पुराच्या दुसऱ्या वर्षी गेले. आता तो कानातला आवाज काय करतो? तो तुमच्या अंगावरून रात्रीची गस्त घालतो. अंगठा, आहे. मनगट, आहे. कोपर, आहे. दर अर्ध्या तासानं नव्हे, दर दोन सेकंदांनी. मग आतला माणूस हळूहळू खाली बसतो. आणि तो आवाज गप्प बसला, किंवा सोनं तारण ठेवा म्हणाला, की दचकून उभा राहतो. पावसाचा नुसता आवाज मला का चालत नाही, तेही यातच आलं. तो पहारा देत नाही, पहाऱ्यावर बोलावतो.

हे मी एकदा आईला सांगितलं. ती ८१ वर्षांची, पलीकडच्या खोलीत, रात्री तीही जागीच असते. एकदा कानातलं चार्ज नव्हतं म्हणून मोबाईल उघड्यावर लावला होता, तो तिनं भिंतीपलीकडून ऐकला. सकाळी म्हणाली, "काय रे, कोण म्हणत होतं रात्री? रामरक्षा म्हणतोय, पण राम कुठंच नाही."

मी हसलो, आणि मग हसायचा थांबलो. शिरो मे राघवः पातु, भालं दशरथात्मजः. डोकं, कपाळ, डोळे, कान, नाक, तोंड, जीभ, कंठ, खांदे, भुजा, हात, हृदय, मध्य, नाभी, कंबर, मांड्या, गुडघे, पोटऱ्या, पाऊल, आणि शेवटी अखिलं वपुः, सगळं अंग. प्रत्येक जागेवर एक पहारेकरी, रामाचंच एकेक नाव. गुडघ्यांवर तर सेतू बांधणारा बसवलाय. माझ्या गुडघ्यांना तो लागतोच. आणि त्याच स्तोत्रात म्हटलंय, की शंकरानं हे बुधकौशिकाला स्वप्नात सांगितलं आणि पहाटे उठून त्यानं जसंच्या तसं लिहून काढलं. झोपेत मिळालेली रक्षा.

आता इथं मी स्वतःलाच आवरतो. आमच्या पूर्वजांना सगळं आधीच ठाऊक होतं, असल्या ढकलपत्रांचा मला कंटाळा आहे, आणि त्यातली निम्मी माझ्याकडंच छापायला येतात. रामरक्षा झोपायला रचलेली नाही. जेकबसननं ती वाचलेली नव्हती. पण आई लहानपणी मंगळवार पेठेतल्या वाड्यात राहायची. दिवेलागणीला वाड्यातल्या एक काकू सगळ्या पोरांना ओसरीवर बसवून ती म्हणायला लावायच्या. "निम्मी पोरं नाभीपर्यंत आडवी व्हायची," आई म्हणते. "काकू रागवायच्या न्हाईत. पांघरूण घालायच्या." काकू म्हणत राहायच्या, पोरं झोपायची. एवढंच. आमच्याकडं अंबाबाईलाही रोज रात्री शेजारती म्हणून झोपवतात. देवीसुद्धा आपली आपण झोपत नाही.

यावरून मला उत्साह आला आणि मी माझी स्वतःची फेरी लिहिली, आमच्या भाषेत. उजवा अंगठा. हाय तिथं हाय, ऱ्हाऊ दे. मनगट. दिवसभर कटिंग मशीन ओढलंस, आता पड जरा. कंबर. तुझं काय सांगावं. पाणी, नदी, पाऊस, समुद्र यातलं काहीही घ्यायचं नाही, असं ठरवून लिहिली. श्वास सोडताना लांब सोडायचा, कारण सोडताना हृदयाची गती थोडी उतरते, एवढं शास्त्र घातलं. रात्री अकराला छापखान्यात शटर ओढून मोबाईलवर रेकॉर्ड केली, अठरा मिनिटं. ऐकून बायकोला तिसऱ्या मिनिटाला झोप लागली. मी सगळी ऐकली, अठराच्या अठरा मिनिटं, आणि मनगटाच्या ठिकाणी आवाज जरा चढलाय, ते परत करायला पाहिजे, हे वहीत लिहून ठेवलं. आपलाच आवाज म्हणजे आपणच जागे. पुसून टाकली. बायकोनं तिच्या मोबाईलवर आधीच घेऊन ठेवली होती, हे मला मागाहून कळलं.

तेव्हा सध्या ती मुंगेरच्या पद्धतीची एका बाईंच्या आवाजातली फेरी चालू आहे. जाहिराती नकोत म्हणून लेकीनं वर्षाचे पैसे भरलेत. आठवड्यातल्या चार-पाच रात्री साधतं. दुपारी तीननंतर चहा बंद, याचा वाटा किती आणि बाईंचा किती, ते सांगता येणार नाही. चादरीच्या कोपऱ्याला बायकोनं नाडी शिवून दिलीय, बोटांना चोळायचंच असेल तर ती चोळावी. आणि जुलैत, पाऊस लागला आणि राधानगरीचा एखादा दरवाजा उघडल्याची बातमी आली, की कुठलीच बाई, कुठलाच स्वामी उपयोगी पडत नाही. त्या रात्री मी सरळ उठतो, माल वर चढवलाय का बघतो, आणि गॅलरीत खुर्ची टाकतो. खांबावरच्या विटकरीच्या खुणा कधीच धुऊन गेल्या. कुठं होत्या ते मला ठाऊक आहे.

गेल्या जुलैतल्या अशाच एका रात्री पातळी ३६ वर होती. चढत नव्हती, उतरतही नव्हती. साडेअकराला आईनं हाक मारली. गेलो तर ती कॉटवर बसूनच.

"झोप येईना रे."

"मोबाईल लावून देऊ?"

"त्या बाईला मी वळखत न्हाई. तूच म्हण कायतरी."

मला रामरक्षा सगळी पाठ येत नाही. खाली चटई टाकून भिंतीला टेकलो, दिवा मालवला आणि माझीच, पुसून टाकलेली फेरी म्हणायला लागलो, फक्त तिला आवडतं म्हणून डोक्यापासून. डोकं. टेकव उशीला. कपाळ. डोळे, दिवसभर लई बघितलंस. कान. पत्र्यावर पाऊस वाजत होता. नाक. जीभ, आता गप. ती अंधारात हसल्यासारखं वाटलं. गळा. खांदे. दंड. हात. हात सोड, काय धरलंयस त्यात, सोड.

जाग आली तेव्हा उजाडलं होतं. दूधवाला खालून घंटी वाजवत होता. मी चटईवर आडवा, अंगावर आईची वाकळ. आई कॉटवर मांडी घालून चहा पीत होती.

"हातापर्यंत आलास," ती म्हणाली. "पुढचं मीच म्हटलं."